मंडईच्या दिवसांतला नकाशा

लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. ओलसर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वाळत चाललेल्या चिखलाचा, बोडीच्या तळ्यातलं पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या काठाचा. भारी धान अजून उभा असतो. सकाळच्या बसमधून पाहिलं तर धानखाचरांच्या बांध्यांमागून बांध्या मान खाली घालून उभ्या असल्यासारख्या वाटतात. दिवाळी होते, भाऊबीज होते आणि मग मंडयांचे दिवस लागतात.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, आमच्याकडची मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेनंतर प्रत्येक गाव आपापला एक दिवस धरतं. त्या दिवशी गावात दुकानं लागतात, दुपारी गाण्या-सोंगांची दंडार नाचते, रात्री नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे भरतात. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्रही येतात. कोण कोणाचा पाहुणा हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. बोलावणं आलं आणि गेलो नाही, तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. "काहून गा मास्तर, आमच्या गावचा भात गोड नाही लागत का?"

या वर्षीही बोलावणी आली. मी कुठे गेलो नाही. भंडाऱ्यात गच्चीवर बसून हे लिहितो आहे. फोन खाली फ्रिजवर ठेवला आहे. मला एका मंडईच्या मोसमाबद्दल लिहायचं आहे. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. गावाचं नाव लिहिणारच नाही. लाखांदूरच्या बाजूचं एक गाव, एवढंच. त्याची जागा मी एकदा नोंदवून ठेवली होती, तेवढं पुरे झालं.

मी भूगोल शिकवतो. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा नोकरी नवीन होती. वर्गातल्या भिंतीवर जुन्या, मोठ्या भंडाऱ्याचा नकाशा होता, पार सालेकसा-देवरीपर्यंतचा. नवा नकाशा येईल तेव्हा येईल, तोवर मीच लाल पेनाने मधून एक रेघ ओढली. पट्टी धरून ओढली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, जिल्ह्याची हद्द इतकी सरळ असते का?" वर्ग हसला. त्या संध्याकाळी मी वर्तमानपत्रातली कात्रणं घेऊन बसलो आणि ती रेघ गाव बघून, नाला बघून पुन्हा काढली. तेव्हापासून चुकीचा नकाशा मला नखात गेलेल्या धानाच्या कुसळासारखा सलतो. हे मी गुण म्हणून सांगत असे.

पुढे स्मार्टफोन आले. एका माजी विद्यार्थ्याने मला नकाशाच्या एका नव्या कामाची ओळख करून दिली. काम सोपं होतं. घराघरातला वायफायचा डबा सतत आपलं नाव पुकारत असतो. "मी अमका, मी अमका." पासवर्ड ठाऊक नसला तरी ते नाव रस्त्यावरून जाणाऱ्या फोनला ऐकू येतं. आपल्या फोनला उपग्रहामुळे आपण कुठे आहोत ते कळत असतं. मग एक ॲप चालू ठेवायचं आणि नुसतं हिंडायचं. फोन आपोआप टिपून ठेवतो, या नावाचा डबा या जागी ऐकू आला. जगभरातली हौशी माणसं असं टिपतात आणि एका नकाशावर चढवतात. त्याचा उपयोग असा की स्लॅबच्या घरात, जिथे उपग्रह पोचत नाही, तिथेही फोन आजूबाजूच्या डब्यांची नावं ऐकून ओळखतो की आपण कुठे आहोत.

मला यात एक जुनी गोष्ट दिसली. माझे वडील मोहाडीकडच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात माग चालवायचे. शेवटी त्यांची नजर गेली होती, पण गल्लीतून चालताना ते कधी चुकले नाहीत. प्रत्येक घरच्या मागाची खटखट वेगळी. "हा नामदेवाचा माग, याचा धोटा अडकते. म्हणजे दोन घरं सोडून विहीर." आता माग बंद पडले आहेत आणि त्याच गल्लीत डबे बोलतात, असं मी वर्गात सांगायचो. मुलांना आवडायचं. डब्यांची नावं वाचून दाखवली की आणखी आवडायचं. कोणी 'जय किसान कृषी केंद्र', कोणी 'पासवर्ड मागू नको', तर कोणी 'शेजारी जळतो'.

त्या नकाशावर नागपूर ठिपक्यांनी भरलेलं होतं. वैनगंगा ओलांडली की अंधार. तो अंधार मला बघवला नाही. मी मोटरसायकल घेऊन रविवारी निघायचो. लाखनी, पवनी, कोंढा. हायवेवरचे ढाबे, कृषी केंद्रं, बँका. रात्री नकाशा उघडला की आमचा जिल्हा थोडा थोडा उजळत असायचा. बायको म्हणायची, "तुमाले घरचा पत्ता तेवढा माहीत असू द्या."

सुनंदा माझी चुलतबहीण. काका लवकर गेले, म्हणून तिच्या लग्नात पाठवणी करायला मीच होतो. सासर लाखनीला, राइस मिलच्या मागे, वस्तीपासून सुटं एक घर. नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान. बोलायला गोड माणूस. यायचा तेव्हा काकूंसाठी सफरचंदं आणायचा आणि खाली वाकून पाया पडायचा. आम्ही सगळे त्याला जवाईबापू म्हणायचो आणि तो मला सर म्हणायचा. सुनंदाने घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र टाकलं होतं. सातबारा, दाखले, धानाची नोंदणी. त्यासाठी तिने सिमकार्डवर चालणारा एक पांढरा डबा घेतला आणि त्याला नाव दिलं 'सुनंदा ऑनलाइन'.

एका दिवाळीत जवाईबापू माझ्या शेजारी गादीवर बसला होता. मी त्याला तो नकाशा दाखवला. कोणालाही बघता येतो, शोधायच्या चौकटीत नाव लिहिलं की डबा कुठे आहे ते दिसतं, हे सांगितलं. उदाहरणादाखल मीच 'सुनंदा ऑनलाइन' असं टाइप केलं. लाखनीबाहेर, मिलच्या मागे ठिपका लागला.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "घर बसल्या बायको दिसते म्हणा नं!"

सगळे हसले. मीही हसलो. सुनंदा चहा घेऊन आली होती, तीही हसली.

त्याच दिवाळीच्या भाऊबीजेची गोष्ट. सुनंदाने मला डाव्या हाताने ओवाळलं. काकू ओरडल्या, "काहून व, उजवा हात काय गहाण ठेवला?" तिने पदराखालून हात काढला नाही. "लचकला," म्हणाली. ताट डाव्या हातात हलत होतं आणि ज्योत माझ्या चष्म्यावर इकडून तिकडे जात होती. मनगट किती सुजलं आहे ते मला दिसलं होतं. मी ताटात ओवाळणी टाकली. नंतर जवाईबापूसोबत शंकरपाळे खात टायरच्या धंद्याबद्दल बोललो. मला तेव्हा काही वाटल्याचं आठवत नाही. आठवतात ते शंकरपाळे. थोडे कडक झाले होते.

पुढच्या श्रावणात ती घरातून निघाली. मुलगी चिमी, दोन पिशव्या आणि तो पांढरा डबा. डबा घेतला कारण पोट भरायला दुसरं काही हातात नव्हतं. माहेरी आली नाही. माहेरी आली असती तर आम्हीच समजूत घालून परत पाठवली असती, हे तिला ठाऊक होतं. ती कॉलेजातल्या मैत्रिणीकडे गेली. ती आशाताई, आरोग्यसेविका. उपकेंद्रात नोकरी, घरी वडील आणि थोडी शेती. बौद्ध घर. आमच्या नात्यातलं कोणी त्या वस्तीत पाय ठेवत नव्हतं. म्हणूनच ती जागा सुरक्षित होती. आमच्या घराण्याची एक लाज तिच्या कामी आली, असं म्हणता येईल.

तिने एका अनोळखी नंबरवरून फोन केला. "दादा, मी बरी आहो. कोणाले सांगजो नको. आईले बी नको. तिले विचारलं का तिच्या तोंडावर दिसते." मी शब्द दिला. जवाईबापू दोनदा येऊन बसला, डोळ्यांत पाणी आणून. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला.

त्या वर्षी भाऊबीज हुकली. चारपाच दिवसांनी तिचा फोन आला. "इथं मंडई आहे, दादा. येशीन का? पाव्हण्यांच्या गर्दीत कोण कोणाले पाह्यते. चिमी दंडार पाह्यतो म्हणते, आन मले तुले ओवाळाचं आहे."

मी बायकोला सांगितलं की एका सहकाऱ्याकडे मंडईला जातो. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून सरळ बस घेतली नाही. पवनीवरून गेलो, मध्ये उतरलो, दुसऱ्या बसची वाट पाहिली, शेवटचा रस्ता एका ट्रॅक्टरवर बसून काढला. मागे वळून पाहत होतो, कोणी येतंय का. शर्टाच्या खिशात फोन होता. ॲप चालू होतं. ते रोजच चालू असायचं. घड्याळ हातात असावं तसं ते माझ्या अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवसाचं मला पुष्कळ आठवतं. शिंगाड्यांच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाया. ऊस. शेवचिवड्याचे ढीग आणि त्यांवर उडणारी मुरमाड धूळ. दंडारीत बाई झालेला एक मिशाळ गडी, आणि त्याला हसून हसून खाली बसलेली चिमी. धानाचे भारे वाहून आणलेल्या बैलांच्या शिंगांना लावलेला रंग. आशाताईचं घर गावाच्या कडेला. ओसरीत टेबल, टेबलावर निळं कापड, कापडावर तो पांढरा डबा आणि भोवती आधारकार्डं हातात घेऊन उभे असलेले शेतकरी. मंडईच्या दिवशीही धानाच्या नोंदणीला लोक आले होते.

"या दादा," आशाताई म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला. पेला घेताना माझा हात किती वेळ थांबला ते तिने पाहिलं. तिचे वडील म्हणाले, "घ्या जी, बोअरिंगचं आहे. आमच्या बापानं नाही खोदली, सरकारनं खोदली." आणि स्वतःच मोठ्याने हसले. मी प्यालो.

सुनंदाने मला पाटावर बसवलं आणि उजव्या हाताने ओवाळलं. ज्योत स्थिर होती. जेवायला नवा भात, वांग्याची भाजी आणि आशाताईने माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेलं साधं वरण. निघताना सुनंदा म्हणाली, "आता कसं, रातची झोप लागते, दादा." एवढंच. ते वाक्य मी घेऊन आलो.

दोन-तीन दिवसांनी शाळा सुरू झाली. एका दुपारी मोकळ्या तासाला मी सुट्टीभर गोळा केलेलं सगळं नकाशावर चढवलं. एक बटण दाबायचं असतं. शिपायाने चहा आणून ठेवला होता. बटण दाबलं, बशीत चहा ओतला. लाखांदूरकडचा अंधार थोडा उजळला. नावांची यादी मी पाहिली नाही. पाहिली असती तर कळलं असतं का? कळलं असतं. मी दर वेळी पाहायचो. त्या दिवशी घंटा झाली.

त्यानंतर आठवड्याभरात जवाईबापू त्या गावात पोचला. दुपारची वेळ होती. आशाताई उपकेंद्रात, सुनंदा ओसरीत लोकांच्या नोंदण्या करत होती. चिमी तणसाच्या ढिगावर घसरगुंडी खेळत होती. "चाल बेटा, आजी बिमार आहे," म्हणत त्याने तिला उचलून गाडीत बसवलं. सुनंदा धावत रस्त्यावर आली तेव्हा तो दार उघडं ठेवून शांत उभा होता. ओरडला नाही. हात उगारला नाही. "तुह्या सोयीनं ये," म्हणाला. "पोरगी तं चालली." ती पिशवी भरायला मागे गेली तेव्हा म्हणाला, "डबाही घे. चांगला डबा आहे."

ती परत गेली. एवढ्यात सगळं झालं. यात मारामारी नाही, पोलीस नाहीत. मुलगी जिथे, तिथे आई.

काकूंकडे नातेवाईक जमले. सगळ्यांना आनंदच झाला होता, घर सांधलं म्हणून. फक्त एका प्रश्नाची चर्चा होती. जवाईबापूला पत्ता दिला कोणी? तो सांगत नव्हता, नुसता हसत होता.

"तिनंच देल्ला असन, त्या आशानं," माझा दुसऱ्या काकांकडचा मोठा चुलतभाऊ म्हणाला. "किती दिवस पोसन फुकटची?"

"पैशे घेतले असतीन," काकू म्हणाल्या.

"त्या लोकायवर भरोसा ठेवाच कायले लागते?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतो. एक एक. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नंतर ती मला एकटी भेटली. म्हणाली, "दोघांलेच माहीत होतं, दादा. तुले आन आशाले. तू तं सांगणार नाही."

"नाही," मी म्हणालो. "मी नाही सांगितलं."

हे अक्षरशः खरं होतं. या वाक्याने मी पुढची काही वर्षं काढली. सुनंदाने आशाताईचे फोन घेणं बंद केलं. एकदा आशाताईने चिमीसाठी कपडे पाठवले, ते तिने परत केले. तेही मला सुनंदानेच सांगितलं, भाऊ म्हणून, मन हलकं करायला.

तोवर मला नक्की ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला सांगू शकत होतो. मग एका लग्नाच्या पंगतीत जवाईबापू माझ्या शेजारी बसला. पानात बुंदी वाढून घेतली आणि म्हणाला, "सर, तुमचं ते नकाशाचं काम लय बेस आहे. सोडजा नका." आवाज नेहमीसारखाच गोड. मी मान हलवली. वाढपी आला, मी भात घेतला. वाट पाहत होतो की आता मला काहीतरी होईल. काही झालं नाही. पान संपवून मी उठलो.

टिपून घेणारं ॲप मी काढून टाकलं. मात्र ती नोंद नकाशावरून पुसायला सांगितली नाही. सांगता आली असती. पण पुसायला गेलो असतो तर मीच ती केली हे कबूल केल्यासारखं झालं असतं, निदान माझ्याजवळ. शाळेत मी तो धडा शिकवणं सोडलं. भिंतीवरचा जुना नकाशा मात्र तसाच आहे, माझ्या लाल रेघेसकट.

डबा सुनंदाच्या सासरी माळ्यावर पडून राहिला. गेल्या वर्षी पोळ्यानंतर नवऱ्याने केंद्र पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. डबा खाली आला, पुसला गेला, चालू झाला. आणि तिचा मला फोन आला.

"दादा, एक गंमत सांगू का? घरात बसली का मोबाइल मले आशाच्या गावात दाखवते. बाहेर आंगणात गेली का लाखनी. आत आली का परत तिकडं. काहून होत असन?"

मला लगेच कळलं. बाहेर उपग्रह सांगत होता, आत डबा. मिलच्या मागे त्या सुट्या घराजवळ ऐकू येणारं दुसरं नावच नव्हतं, आणि जगाच्या नोंदीत तो डबा अजून आशाताईच्या ओसरीत होता. चार भिंतींच्या आत तिचा फोन समजत होता की ती अजून तिथेच आहे, निळ्या कापडाच्या टेबलाशी.

"नेटवर्कची गडबड असेल," मी म्हणालो. भूगोलाचा शिक्षक.

"असू दे," ती म्हणाली. "चांगलं वाटते."

हे असं फार दिवस टिकत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फोन नवी जागा टिपतात, नकाशा स्वतःला सुधारतो. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने ओवाळून ताट खाली ठेवलं आणि सहज म्हणाली, "दादा, आता घरीच दाखवते." जवाईबापू बाजूला बसला होता. त्याने विचारलं, काय दाखवते? ती म्हणाली, "काई नाई. मोबाइल."

का ते सांगता येणार नाही, पण जे इतकी वर्षं झालं नव्हतं ते तेव्हा थोडं झालं. त्या आठवड्यात आशाताईच्या गावची मंडई होती. मला बोलावणं नव्हतं. मी फोन घरी ठेवला आणि सरळ बसने गेलो.

तीच धूळ, त्याच शिंगाड्यांच्या पाट्या. आशाताईचे वडील आता राहिले नव्हते. ओसरीतलं टेबल होतं. त्यावर औषधांची खोकी.

"या सर," ती म्हणाली. पूर्वी दादा म्हणायची.

तिने पाणी दिलं. मी प्यालो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. खिशातला फोन, बटण, जवाईबापूला आधीच दाखवलेला नकाशा, चिवडा, सगळं. ती खोकी लावत ऐकत होती. मध्ये एक बाई तापाची गोळी घ्यायला आली, तिला गोळी दिली. मग म्हणाली, "माहा बाप मरताना विचारत होता, त्या पोरीनं फोन काहून नाही उचलला. मले सांगता नाई आलं."

मी पेला टेबलावर ठेवला.

"बरं, तो डबा अजून आमच्या इथं दिसते का तुमच्या नकाशात?"

"नाही. आता लाखनीला दिसतो."

"मंग परत इथं आणून टाका नं. तुमाले येते नं ते?"

"डबा इथं असल्याशिवाय होत नाही, आशाताई."

ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "डब्याले काय चाटता, सर? तिले सांगा जा. जे मले सांगितलं ते तिले सांगा. मी तिचं दार बंद नाही केलं, एवढं सांगा."

परतीच्या बसचं तिकीट मी भंडाऱ्याचं न घेता लाखनीचं घेतलं. सुनंदा केंद्रात एकटी होती. प्रिंटरमधून कोणाचा तरी सातबारा निघत होता. मी पुन्हा सगळं सांगितलं. ती निघत आलेल्या कागदाकडे पाहत राहिली. कागद संपला, प्रिंटर थांबला. तिने तो नीट दुमडून लिफाफ्यात घातला.

"आशाले सांगितलं?"

"हो. आधी तिलाच."

"काय म्हणे?"

"म्हणाली, दार बंद केलेलं नाही."

सुनंदाने पदराचं टोक दातांत धरलं आणि सोडलं. रडली नाही. मला वाटलं, ती मला काही बोलेल. बोलावं असं वाटत होतं. मग तिने एक प्रश्न विचारला, आणि तो मला त्या वेळी साधाच वाटला.

"म्हणजे, डबा जिथं असन तिथं आपण दिसतो. डबा घरीच ठेवला, तं घरीच दिसन?"

"हो. माणसाशी त्याचा संबंध नाही."

"बरं," ती म्हणाली.

चैत्रात चिमीची परीक्षा संपली. त्यानंतरच्या सोमवारी जवाईबापू दुकानातून घरी आला तेव्हा पुढच्या खोलीत डबा चालू होता, हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि त्या दोघी नव्हत्या. आशाताईकडे तो त्याच दिवशी जाऊन आला. तिथे नव्हत्या. पुढे आशाताईची बदली झाली म्हणतात, कुठे ते मी विचारलेलं नाही. सुनंदा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. तिने मला सांगितलं नाही. ठाऊक नाही म्हणूनच हे लिहितो आहे.

परवा भाऊबीज झाली. जवाईबापू सकाळीच आमच्या घरी आला. सफरचंदं आणली होती. ओसरीत खुर्ची घेऊन बसला. त्याचा हिशेब बरोबर होता. बहीण वर्षभर कुठेही लपेल, पण भाऊबीजेला भावाकडे येईलच. बायकोने रिवाजाप्रमाणे पाट मांडला होता, ताटात निरांजन ठेवलं होतं. दुपार झाली. तो जेवला. पुन्हा येऊन बसला. रस्त्यावरून रिक्षा गेली की मान वर करायचा, आणि मीही करायचो. ती येऊ नये म्हणून देवाजवळ काय मागायचं ते मला सुचत नव्हतं. असं कधी मागितलंच नव्हतं.

उन्हं कलल्यावर तो उठला. बूट घालताना थांबला आणि माझा फोन माझ्या हातात दिला.

"सर, तुमच्या नकाशात पाहा नं. कुठं दिसते ती?"

मी चष्मा लावला. नकाशा उघडून चौकटीत डब्याचं नाव टाइप केलं, सावकाश, एक एक अक्षर. नकाशा सरकला, थांबला. मी फोन त्याच्यासमोर धरला.

"तुमच्याच घरी दिसते," मी म्हणालो.

त्याने तो ठिपका बोटांनी मोठा करून पाहिला. मग गेला. आत बायको रिकामा पाट उचलत होती. तिला म्हटलं, राहू दे आज.